जोशीकाकांचा डोसचा प्रोग्रॅम

शनिवार, संध्याकाळ. नेपरव्हिल, शिकागोजवळ.

आमच्या होम कॉम्प्युटर ग्रुपमधल्या जोशीकाकांनी ऐंशीच्या दशकात इन्सुलिनचा डोस काढणारा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांना फुकट वाटला होता. फ्लॉपीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, 'कॉपी करा, पुढे द्या.' बुधवारी मी तो ब्राउझरमध्ये चालेल असा करून ग्रुपच्या वेबसाइटवर टाकला. कोड न वाचताच. का नाही वाचला मी?

आज मीटिंगमध्ये चालवून दाखवताना कळलं. रक्तातली साखर तीनशेच्या वर टाकली की डोस दुप्पट येतो. मी तीनदा करून पाहिलं.

"काका, तेव्हा हा किती जणांकडे गेला असेल?"

"कोण लिहून ठेवतं रे? पुढे द्या म्हणून मीच तर सांगत होतो," काका म्हणाले. फ्लॉपीवरच्या त्या ओळीवरून ते नुसतं बोट फिरवत बसले.

मी तिथूनच वेबसाइटवरचा प्रोग्रॅम काढून टाकला. घरी आलो तर एका अनोळखी माणसाची दुपारची ईमेल. 'थँक यू. आईसाठी कालपासून हाच वापरतोय. आज तिची शुगर खूप वाढली आहे.'

लगेच कळवलं, वापरू नका, डॉक्टरांना फोन करा. दोन तास झाले. उत्तर नाही.