दसऱ्याचं कुंकू आणि दुबईचा बाहुला

डोंबिवली, दसरा, १९९४

सूनबाई, मी सांगते तेच वहीत लिही, तुझ्या लेकाची बाजू घेऊ नकोस.

प्रकाशने दुबईहून नवा बाहुला मागवला, आकाशात उडणारा वीर. त्याचे गुडघे वाकायलाच हवेत, असं तो नि त्याचे बाहुले जमवणारे ठाण्याच्या नौपाड्यातले मित्र महिनाभर घोकत होते. आज शिलाई मशीनला, स्कूटरला कुंकू लावलं, मग यालाच का वगळू? खोकं उघडून टिळा लावला.

“आजी, सील फोडलंस! बंद खोक्यालाच किंमत असते, आता याला कोण विचारणार?”

“अरे, गुडघे तरी वाकवून बघ.”

“वाकवायचे नसतात गं!”

मग वाकायला हवेत कशाला? वीस वर्षांचा घोडा, सणाच्या दिवशी माझ्यावर ओरडतो! माझं काय चुकलं? मी काही माफी मागणार नाही. जेवला नाही, तर न जेवो.

श्रीखंड मात्र झाकून ठेव त्याच्यासाठी.