उजव्याचा डावा

४ मार्च

खोटं बोलले! तेही देवाच्या नावावर.

स्वरूपला परवाच्या विमानाने बोटीवर कामाला जायचं होतं. लेक चार वर्षांनी शिमग्याच्या तोंडावर घरी आलेला, आणि पालखी दारात यायच्या आधीच निघणार! त्याच्यासाठी कौल लावायला मी एकटीच देवळात गेले. सखाराम गुरवाने मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला ओले कळे, फुलांच्या पाकळ्या, लावले. उजवा पडला — म्हणजे खुशाल जा.

घरी येऊन सांगितलं, डावा पडला!

स्वरूप चिडला. पण देवाचा शब्द मोडायची छाती नाही. एजंटला फोन केला — "माझ्या जागी दुसरा कोण तरी पाठवा."

६ मार्च

आज त्याचं विमान. अजून बोलत नाही. बांगड्याचं तिखलं मात्र दोनदा मागून घेतलं.

७ मार्च

विमान पडलं! तेच! उडाल्या उडाल्या इंजिनाला आग लागली, परत वळायलाही मिळालं नाही. एकही माणूस वाचला नाही.

स्वरूपने टीव्हीवरचा नंबर तिकिटाशी ताडून बघितला. मी त्याचं डोकं, खांदे, कान चाचपत राहिले. वाचला! माझा वाचला! देवा, खोटं मी बोलले आणि पदरात तू घेतलंस.

९ मार्च

घरात माणसं मावत नाहीत. "देवानं वाचवलान हो!" नारळांची रास लागली. सखाराम छाती काढून फिरतोय — पावस गावाहूनसुद्धा लोक कौल लावायला येतात म्हणे! खरं त्याला ठाऊक. मी दिसले की जमिनीकडे बघतो. चोर चोर मावसभाऊ! हसू आवरेना.

गेलेल्यांचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण माझा आतल्या खोलीत घोरतोय. ते ऐकत बसते.

१५ मार्च

पालखी आली. स्वरूप खांद्यावर घेऊन अंगणभर नाचला. पोटभर रडले.

२३ मार्च

देवरूखकडून मथुरा नावाची बाई आली. कपाळ मोकळं. स्वरूपच्या जागी तिचा नवरा, महिपत, गेला होता. इतक्या दिवसांत मी विचारलंही नव्हतं, कोण गेला ते.

"काकी, आमीपण आमच्या देवाला कौल लावला. उजवा दिलान. तुमच्याला डावा नि आमच्यांना उजवा — आमचं काय चुकलं, तेवढं सांगा."

स्वरूप मागेच उभा होता. तरी सांगून टाकलं — तुमचं काही चुकलं नाही ग. ह्यालाही उजवाच दिला होता.