सर्वांत थंड जानेवारी

१ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन वही, नवीन मी. कॉलेज अर्ध्यात सोडल्याला वर्ष होत आलं. प्राध्यापक भर वर्गात "बस खाली" म्हणाले. मी बसलो नाही, बाहेर पडलो, तो अजून आत गेलेलो नाही. याला तत्त्व म्हणतात. आमच्या घरात याला दुसरा शब्द आहे. असो. आता मी हवामान केंद्रात हंगामी निरीक्षक आहे, म्हणजे देशाचं तापमान काही अंशी माझ्या हातात आहे.
संकल्प: राग आवरणे, पहाटे उठणे, आणि मुख्यालयाला याच महिन्यात मनातलं सांगून टाकणे.
मुख्यालय म्हणजे ती. सकाळी आठ वाजता देशभरातली केंद्रं आपापले आकडे फोनवर तिला सांगतात. नाव विचारायचा धीर अजून झालेला नाही, म्हणून मुख्यालय. पाहिलेलंही नाही. गरज काय? आवाज आहे.

३ जानेवारी
फोनचं गणित कळलं. ज्याचा फोन पहिला लागतो त्याच्याशी ती चार वाक्यं जास्त बोलते. नंतर रांग लागते, मग नुसतं "हं, सांगा" आणि "ठेवते". आज आपल्या आधी डोंगरातलं केंद्र होतं. तिथला निरीक्षक (मी त्याला हिमपुरुष म्हणतो) रोज शून्याखालचे आकडे सांगतो आणि ती त्याला "बापरे" म्हणते, हे तिनेच सांगितलं. मला एकदाही बापरे म्हटलेलं नाही. आपल्याकडे पडून पडून थंडी पडते ती अकरा-बारा अंश. त्याला कोण बापरे म्हणणार!
आज फोनच्या लाइनी मध्येच एकमेकींत घुसल्या आणि हिमपुरुषाचा आवाज ऐकला. जाड, भारदस्त, पोटातून येणारा. माझा गळ्यातून येतो, तोही घाबरत. उपाय करायला हवा.

४ जानेवारी
बाथरूममध्ये जाड आवाजाचा सराव. "नमस्कार, किमान तापमान अकरा." ताईने दार वाजवून विचारलं, "आत कोण आहे? आणि आमच्या भावाचं काय केलंत?" मोठ्या कामात घरचे आडवे येतातच.
फोनवर नवा आवाज वापरला. ती एकदम आदराने बोलली. "नमस्कार, नवीन आलात का तुम्ही? बरं झालं, आधीचा मुलगा फार घाईत बोलायचा." आधीचा मुलगा म्हणजे मीच. पण तिला आता आवडतोय तो मी वेगळा, तेव्हा दुरुस्ती केली नाही.

५ जानेवारी
आमच्या केंद्राच्या साहेबांनी आज पुन्हा शिकवणी घेतली. साहेब निवृत्तीला आलेत आणि सगळं दोनदा सांगतात. बागेत झडपांची पांढरी पेटी आहे, तीत किमान तापमानाचा थर्मामीटर आडवा ठेवलेला असतो. नळीत एक बारीक काळी काडी. रात्री थंडी वाढेल तशी ती खाली सरकते, आणि नंतर कितीही ऊन पडलं तरी तिथेच बसून राहते. सकाळी काडी कुठे आहे ते वाचायचं, मग थर्मामीटर तिरका करून काडी त्या वेळच्या तापमानावर आणायची. नाहीतर ती आपली जुन्याच आकड्यावर बसलेली.
साहेब म्हणाले, "आधी वाच, मग तिरका कर, मग फोन. काय?" मी म्हटलं, हो. पण फोन पहिला लावायचा तर तिरकं-बिरकं करत बसायला वेळ कुठून आणायचा? ते नंतर निवांत करता येतं. साहेबांना प्रेमाचा अनुभव नसावा.

८ जानेवारी
ऐतिहासिक दिवस. रात्री उत्तरेकडून वारं सुटलं. सकाळी काडी साडेतीनवर. आमच्या गावात साडेतीन! पेटीचं दार तसंच उघडं टाकून धावलो. पहिला फोन माझा. ती म्हणाली, "बापरे."
मी पोटातून म्हटलं, "थंडी काय, येते नि जाते." ती हसली. म्हणाली, "जुने विक्रम काढून बघते हं मी तुमच्याकडचे." दिवसभर अंगात स्वेटर घातला नाही. लागलाच नाही.
(तिरका करायचं राहिलं. उद्या.)

१० जानेवारी
काल साडेतीन, आज साडेतीन. ही थंडी माझ्यासारखीच आहे, एकदा बसली की कुणाच्या बापाला उठत नाही. तिने दोन्ही दिवस बापरे म्हटलं. आज वर म्हणाली, "मफलर घेत जा हो. या वयात छातीत थंडी भरते." या वयात! म्हणजे तिने माझ्या तारुण्याचा विचार केला. नुसत्या आवाजावरून.
हिमपुरुष आता माझ्यानंतर.

१२ जानेवारी
आईने रजया धुऊन माळ्यावर टाकल्या. मी खाली काढल्या. तिने पुन्हा टाकल्या. बाबा बनियनवर पंख्याखाली बसून पेपर वाचत होते. म्हटलं, बाबा, बाहेर साडेतीन अंश आहे. बाबांनी पेपर खाली न करता विचारलं, "कुणाच्या बाहेर?"
जेवणाच्या ताटावरून उठलो. विज्ञानाचा अपमान सहन होत नाही. थोड्या वेळाने परत बसलो, कारण भूक विज्ञानाच्या बाजूची नसते.

१५ जानेवारी
केंद्रासमोरचा चहावाला म्हणाला, "साहेब, चहा खपेना, लिंबू-सरबत ठेवलंय." मी म्हटलं, आकडे काय सांगतात माहीत आहे का तुला? तो म्हणाला, "माझा बनियन काय सांगतो ते बघा की." शब्दाने शब्द वाढला. त्याने मला चहा बंद केला. रागाचा संकल्प फेब्रुवारीवर ढकलला, महिनाही लहान आहे.
फोनवर तिने विचारलं, "गुडघे काय म्हणतात?" गुडघ्यांबद्दल आजवर मला कुणी विचारलेलं नाही. म्हटलं, कुरकुरतात अधूनमधून. ती कळवळून म्हणाली, "तेल लावत चला हो." माझ्या गुडघ्यांपर्यंत पोचली आहे. मन फार दूर नाही.

१७ जानेवारी
एक छोटी अडचण. ती म्हणाली, "आठ वाजता तुमच्याकडे एकोणीस आणि पहाटेचं किमान साडेतीन? इतकं कसं चढलं?" मी म्हटलं, "आमच्याकडे सूर्य जोरात उगवतो." तिने आकडा लिहून घेतला. मग म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं हे काम करताय, तुम्हाला कळणारच." मी पाच महिने करतोय. पण प्रेमात काळ असाच लांबतो म्हणतात.
मग तिने सगळ्या देशाची हवा सांगितली. डोंगरात रस्ते बर्फाने बंद. पूर्वेला धुकं इतकं की विमानं जमिनीवर बसून. किनाऱ्यावर थंडीचं नावच नाही. पण ऑफिसात चर्चा कुणाची? आमच्या केंद्राची. "महिन्याच्या आढाव्यात मैदानी भागात तुम्हीच पहिले," ती म्हणाली. ठरलं. एकतीसला आढावा निघेल, त्याच दिवशी विचारायचं. विक्रमवीराला नाही म्हणणं अवघड जातं.

२० जानेवारी
आपल्या आकड्यांमुळे शाळा तासभर उशिरा भरू लागल्या. वाचलेल्या वेळात पोरं मैदानात शर्ट काढून खेळत होती. थंडीशी अशी झुंज देणारी पिढी बघून ऊर भरून आला.

२३ जानेवारी
मुख्यालयातून तपासणीसाहेब येणार आहेत सत्तावीसला, आकडे बघायला. आणि ती स्वतः मागून घेऊन बरोबर येणार आहे. शब्द तिचेच लिहितो: "तुम्हाला एकदा प्रत्यक्ष भेटायचंच आहे मला."
स्वेटर, मफलर, कानटोपी बाहेर काढली. केंद्र थंड दिसलं पाहिजे. आईने विचारलं, कुठे निघालास, डोंगरावर? मी फक्त हसलो.

२७ जानेवारी, दुपारी
ती आली. आवाजासारखीच आहे. मी गेटपाशी पूर्ण गणवेशात, घाम पाठीवरून धावतोय. ती अर्ध्या बाह्यांत, हाताने वारा घेत. माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, तुला ताप आहे का? सावलीत बस जरा. आणि फोनवर बोलतात ते काका कुठे आहेत?"
मी विचारलं, कोण काका? भीतीने खरा आवाज निघाला. ती म्हणाली, "ते रे, जाड आवाजाचे. गुडघ्यांचा त्रास आहे बघ त्यांना. इतकं छान बोलतात."
तोंडातून निघून गेलं, रजेवर आहेत.
आमचे साहेब शेजारीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, मग म्हणाले, "हो. रजेवरच आहेत."
सगळे पेटीपाशी गेले. तिने दार उघडलं, वाकून पाहिलं, थर्मामीटर उचलून तिरका केला. काडी सुळकन सरकली ती थेट एकोणतीसवर जाऊन थांबली. ती म्हणाली, "सर, हा कितीतरी दिवसांत कुणी तिरकाच केलेला नाही." तपासणीसाहेबांनी विचारलं, कुणाचं काम हे? मी सांगायला तोंड उघडलं (शपथेवर), तेवढ्यात तीच म्हणाली, "काकांचं असणार. त्यांना ओरडू नका हो सर. वय झालं की राहून जातं माणसाचं."
आमचे साहेब म्हणाले, "छे, काकांना उद्यापासून घरीच बसवतो. फोन हा पोरगा करेल. आवाज बारीक आहे, पण शिकेल."

२८ जानेवारी
साहेबांनी खोलीत बोलावलं. दार लावून म्हणाले, "काका गेले म्हणून तू वाचलास. ते पुन्हा आले तर दोघांनाही हाकलीन." नोकरी शिल्लक आहे. शिवाय नीट बघितलं तर रस्ता मोकळाच झाला. आता मध्ये कुणी नाही. ती आहे आणि खरा मी आहे.
वाचलं, तिरका केला, मग फोन. रांगेत बराच मागे. किमान बारा. ती म्हणाली, "हं. ठेवते."

३१ जानेवारी
आढावा आला. सर्वांत थंड केंद्र डोंगरातलं, म्हणजे हिमपुरुष. किनाऱ्यावर नेहमीपेक्षा उबदार, पूर्वेला धुक्याचा महिना, मैदानी भागात सगळं साधारण. आमच्या नावापुढे नुसती आडवी रेघ. शाळा पुन्हा वेळेवर भरू लागल्या, पोरं माझ्याकडे बघतही नाहीत.
तरी ठरलेलं ते ठरलेलं. आकडे सांगून झाल्यावर, स्वतःच्या आवाजात, म्हटलं, "मला जरा बोलायचं होतं."
ती लगेच म्हणाली, "काकांबद्दल ना? सांग की. कसे आहेत?"
म्हटलं, बरे आहेत.
"सकाळी फार चुकल्याचुकल्यासारखं होतं रे. त्यांना सांग माझा नमस्कार."
सांगतो म्हटलं.
"तुला रोज भेटत असतील ते. नशीबवान आहेस बाबा."
हो म्हटलं.