काळी चारच्या खाली

आई,

आज गिटारच्या बाराही तारा बदलल्या आणि पुन्हा खालच्या सुरात उतरवूनच लावल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुझ्या मनात उगाच आशा राहायला नको.

तुझ्या तोंडी ‘उतरणं’ हा एकच शब्द किती कामं करायचा. उन्हाळ्यात सकाळच्या वरणाचा वास घेऊन तू म्हणायचीस, उतरलं. बाबा कचेरीतून आले की त्यांच्याकडे धड न बघताच विचारायचीस, चेहरा काहून उतरला. आणि शिकवणीच्या खोलीत एखाद्या मुलीचा सूर केसभर खाली गेला की पेटीवरचं बोट न उचलता तोच शब्द: उतरली. वरण असो, माणूस असो की मुलगी, तुझ्या लेखी खाली जाणारी प्रत्येक गोष्ट बिघडायलाच निघालेली असायची.

अजनीच्या आपल्या रेल्वे क्वार्टरमधली ती खोली आठवते. सतरंजी, पेटी, कोपऱ्यात खोळ घातलेला तुझा तंबोरा, आणि परीक्षेला बसणाऱ्या धंतोली-धरमपेठच्या मुली. सगळ्यांचा सा एकच, काळी चार. पेटीवरच्या त्या काळ्या पट्टीपासून मुलींनी गायचं, हा तुझा नियम होता आणि तो कोणी केला हे विचारायची सोय नव्हती. मीही तिथूनच गात होते. मग चौदाव्या वर्षी माझा आवाज खाली आला. मुलांचा फुटतो तसा फुटला नाही, फक्त जिना उतरून खालच्या मजल्यावर राहायला गेला. तू ज्येष्ठमध दिलंस, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करवल्यास, थंडीत काटोलहून मामा संत्र्यांची पोती आणायचा तेव्हा घरात सगळे संत्री खात आणि मी बघत बसायची. वरच्या पंचमाला गेलं की माझ्या गळ्याची शीर टरारून यायची. तू म्हणायचीस, मेहनत कमी पडून राहिली तुझी. मेहनत कमी नव्हती, आई. पट्टी चुकीची होती. हे वाक्य मी तुझ्यासमोर कधी मोठ्याने म्हटलं नाही, म्हणून आज लिहिते आहे: पट्टी चुकीची होती.

आपल्या शेजारी अँग्लो-इंडियन गार्डची विधवा राहायची, जिला आम्ही सगळी मुलं आंटी म्हणायचो. ती बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला निघाली तेव्हा सामान वाटत सुटली. तुला काचेच्या बरण्या दिल्या, मला नवऱ्याची गिटार. ऑर्केस्ट्रातल्या मुलांना सहा तारांची हवी असते, म्हणाली, ही बारा तारांची धोंड कोण घेणार. त्याआधी तिच्याकडे संध्याकाळी मी तबकड्या ऐकलेल्या होत्या. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, ब्लूज. माणूस एक ओळ म्हणतो, तीच ओळ पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत काहीतरी असं म्हणतो की पहिल्या दोन्हींचा अर्थ बदलून जातो. मला इंग्रजी अर्धंच कळायचं. पण त्यातल्या एका बाईचा आवाज माझ्याही खालचा होता, आणि ती वर चढायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हती. तू एकदा दारात उभी राहून ऐकलंस आणि म्हणालीस, रडगाणं आहे. नाही. रडणारा माणूस दुसऱ्याने डोळे पुसावेत म्हणून रडतो. ही बाई कोणाला काही मागत नव्हती, झालं ते सांगत होती.

पहिल्याच आठवड्यात मी तुझ्याच घरात होऊ शकेल अशी चूक केली. गिटार कशी जुळवतात हे सांगणारी आंटी निघून गेली होती, आणि आपल्या घरात सा म्हणजे काळी चार, दुसरा सा मला माहीतच नव्हता. मी पेटीचा तो स्वर धरला आणि सगळ्यांत जाड तार पिळत पिळत तिथवर चढवायला घेतली. मग तिच्या मागोमाग बाकीच्या. बारा तारांचा ताण केवढा असतो याची मला कल्पना नव्हती. दोन तुटल्या, आणि तिसरी चढवताना लाकूड फाटल्यासारखा आवाज झाला. ज्या घोडीवर तारा टेकतात ती गिटारच्या पोटापासून सुटून वर आली होती. तू स्वयंपाकघरातून आलीस, बघितलंस आणि म्हणालीस, “पेललं नाही तिले.” बास. परत कणीक मळायला गेलीस. मी तिथेच बसून राहिले. माझ्या गळ्यातली शीर तुला दिसली नाही, पण लाकडाचं तुला एका नजरेत समजलं.

बाबांनी सुताराकडून घोडी सरसाने चिकटवून आणली. त्यानंतर मी तारा शोधायला निघाले. बर्डीच्या बाजारात वाद्यांच्या दुकानात हवाईयन गिटारच्या तारा मिळत, कारण त्या काळी ती गल्लोगल्ली वाजायची. बारा तारांचा संच मात्र मुंबईलाच. म्हणून जाड, वेटोळ्याच्या तारा हवाईयनच्या घेतल्या आणि बारीक तारा सतारीच्या. दुकानदार माझ्या हातातलं ते मिश्रण बघून म्हणाला, “ताई, घरी गिटार आहे का सतार, ते आधी ठरवा.” सतारीच्या तारेला टोकाशी अडकवायला काही नसतं, तेव्हा जुन्या तुटलेल्या तारांचे पितळी मणी काढून त्यांत ती ओवायची आणि पिळायची. बोटं सोलून निघत. पण खरं शिक्षण तिथेच झालं. तार खाली उतरवायची तर ती जाड घ्यावी लागते. बारीक तार उतरवली की ढिली पडते, दांडीवरच्या पडद्यांवर खरखरते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं उतरणंच वाईट. दोष उतरण्याचा नसतो, तारेच्या निवडीचा असतो. खाली राहायचं तर अंगात वजन लागतं.

मग एका रविवारी दुपारी मी सगळ्या तारा सैल सोडल्या आणि माझ्या गळ्याला विचारत विचारत जुळवल्या. सहा जोड्या, खालून वर सा प सा ग प सा. कोणतीच तार मूळच्या जागेपेक्षा वर चढवावी लागली नाही. पेटीवर ताडून बघितलं तर माझा सा निघाला पांढरी एक, काळी चारच्या कितीतरी खाली, बायकांनी जिकडे फिरकायचंही नाही अशी पट्टी. एकदा हात फिरवला आणि खोलीच्या भिंती आपल्या बाजूने बोलल्यासारख्या वाटल्या. मी गायला तोंड उघडलं आणि आवाज आपोआप आला. शीर टरारली नाही, दम लागला नाही. चार वर्षांनी पहिल्यांदा.

तू दारात उभी आहेस. हाताला बेसन लागलेलं आहे, पदर खोचलेला. माझं कडवं होईस्तोवर थांबतेस, हे मात्र मी विसरलेली नाही. मग म्हणतेस, “काहून उतरवून राहिली वं तारा?”

मी म्हणते, माझा सा इथे आहे.

“उतरलेलं पानात वाढत नाही,” तू म्हणतेस, “अन् उतरलेलं माणसायले ऐकवत नाही.”

त्यानंतर सहा महिन्यांनी अमरावतीची मंडळी मला बघायला आली. तू शिकवलेलं भावगीत म्हणायचं ठरलं होतं, पेटीवर तू, काळी चार. मुलाच्या आत्याने गाणं म्हण म्हटलं आणि मी उठून आत गेले, गिटार घेऊन आले. भावगीत तुझंच म्हटलं, एक शब्द बदलला नाही, फक्त माझ्या जागेवरून म्हटलं. तुझी बोटं पेटीवर तशीच राहिली. मला त्या दिवशी नकार नको होता आणि होकारही नको होता. मला एवढंच हवं होतं की माझा आवाज तू चार लोकांत आपल्या मुलीचा म्हणावास.

आत्या हसून म्हणाली, “डोये मिटले तर पोरगा गाऊन राहिला असं वाटते.” सगळे हसले. मुलगाही.

तू चिवड्याची बशी तिच्यापुढे सरकवलीस आणि अगदी सावकाश म्हणालीस, “बेसूर नाही गायली.”

ते गेल्यावर मी तुझ्या मागे स्वयंपाकघरात आले. माझा चेहरा फुललेला असणार, कारण तू वळून बघितलंस आणि कपबशा विसळता विसळता मला जागेवर आणलंस. “बेसूर नाही म्हटलं. चांगली म्हटलं नाही. फरक समजते का तुले?”

समजतो. तेव्हापासून आजपर्यंत मी त्या फरकातच राहते आहे. नकार यथावकाश आला, त्याचं मला काही वाटलं नाही. पण तुझ्याकडून ‘चांगली गायली’ हे दुसरं वाक्य यायचं होतं, त्याची मी वाट बघत राहिले, आणि तीन वर्षांनी धंतोलीच्या दवाखान्यात तू ते न बोलताच गेलीस. तुझ्या कष्टांबद्दल, तुझ्या कानाबद्दल मला आदर आहे. ‘चांगली म्हटलं नाही’ या वाक्याबद्दल नाही. तुझा कान इतका नेमका होता की मी बेसूर नाही हे तुला त्या हसणाऱ्या पाहुण्यांसमोरही लपवता आलं नाही. मग त्याच कानाने पुढचं पाऊल का टाकलं नाही? चांगली होते मी, आई. तेव्हाही होते. हे ठरवायला आता मला तुझी सही नको.

आता धरमपेठेत माझ्या घरी महिन्यातून एकदा मैफल भरते. ब्लूज म्हणते, आणि मराठीत त्याच धाटणीची माझी मी केलेली गाणी म्हणते. शिकायला मुली येतात. ज्यांचा सा काळी चारला आहे त्यांना तिथूनच गाऊ देते, आणि ज्यांचा खाली आहे त्यांना कोणी गुळण्या करायला सांगत नाही.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, हे मला माहीत आहे. उद्या यांच्यावर मेथी निवडेन. तेव्हा एक गोष्ट तुला सांगायला हरकत नाही. घरात कोणी नसताना, एकटीने, मला गाता येत नाही. आवाज लागतो, तारा जुळलेल्या असतात, पण दोन ओळींनंतर थांबते. गायला बसले की दारात कोणीतरी उभं लागतं, ‘उतरली’ म्हणायला.