आईला कोण हाक मारणार?

४ मार्च
ती. आत्यास, सा. न. वि. वि.
काल काकांनी त्यांच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग लावून बघायचं बटण दाबलं आणि त्या क्षणी हे घर मला परकं झालं. यंदा स्मरणाच्या संध्याकाळी ते गेलेल्यांना त्यांच्या कामाच्या नावानं हाका मारणार नाहीत म्हणे! जुनं रेकॉर्डिंग पडद्यावर लावणार, कारण ते मधेच अडखळतात आणि परगावचे नातेवाईक ऑनलाइन बसलेले असतात. विणकर अशी हाक आली की ‘आहे’ आपण सगळ्यांनी म्हणायचं ना? तेही आता पडदाच म्हणणार. आपण नुसत्या खुर्च्या उबवायच्या.
आणि आई? तिला जाऊन वर्षही झालं नाही. रेकॉर्डिंगमध्ये ती जिवंत आहे, इतरांसाठी ‘आहे’ म्हणतेय. तिला कोण हाक मारणार? काका म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. बघू! बाबा नेहमीसारखे गप्प. वर ते सगळं एडिट केलंय कुणी, तर काकांच्या स्टुडिओत नोकरी करणाऱ्या माझ्या ‘ती’नंच. तिच्यावर धड रागावताही येत नाही.
लोभ आहेच, तो रागासकट चालवून घे.
तुझा भाचा

९ मार्च
चि. भडकू यास अनेक आशीर्वाद.
पत्र उघडताना बोटं भाजली. कॉलेज अर्धवट सोडलंस तेव्हाही असंच पत्र आलं होतं, आणि तेव्हाही त्यात ‘ती’ होतीच! पण ऐक. रेकॉर्डिंग लाव, असं दादाला, तुझ्या काकांना, मीच सांगितलं. इतक्या लांब मला वहिनीचा, तुझ्या आईचा आवाज ऐकायला मिळतो, तो मी का सोडू? तुझ्याकडे तिचं शिवणयंत्र तरी आहे. तमाशा करू नकोस, त्या पोरीची नोकरी जाईल. वेळेवर जेवत जा. राग निवला की माया कळव.
तुझी आत्या

२१ मार्च
ती. आत्यास, सा. न. वि. वि.
तमाशा मी केलाच. पण पडद्याबाहेरचं तुला दिसलं नसेल, म्हणून लिहितो. विणकर झाला, मास्तर झाले, नावाडी झाला. हॉलभर माणसं ढिम्म. मी उठलो, रेकॉर्डिंग थांबवलं आणि आईला तिच्या कामानं हाक मारली, शिवणारी. कुणी हूं का चूं केलं नाही. पुन्हा मारली. बाबांचे ओठ हलले, आत्या, मी पाहिलं. तेवढ्यात काकांनी बटणापाशी बसलेल्या ‘ती’ला खूण केली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि बटण दाबलं. पडद्यावर आई हसत म्हणाली, ‘आहे’.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती छान जुळून आलं म्हणे! माझ्या आईला स्वतःच्याच हाकेला ओ द्यायला लावली यांनी, आणि बाबांचे ओठ मिटले ते मिटलेच. तुला तिचा आवाज हवा होता, मिळाला. मला त्या हॉलमधल्या एकाचा हवा होता.
लोभ असू दे, पण तोंडानं बोलून दाखवलेला.
तुझा भाचा
ता. क. पुढे काय झालं, विचारशील. ती माझ्यामागे उठली. मी थांबलो नाही. बाहेर आलो आणि तिच्यासमोरच दार ओढून घेतलं.