अंगठ्याची शाई

५ जानेवारी
राधानगरीचा गोठा विकून कसबा बावड्यात दुमजली घर घेतलं. आजपासून आपण घरमालक! खाली मी एकटा, वर जुनेच भाडेकरू अझीम आणि त्याची बायको सलिमा. तो चपलांचा कारागीर, आल्या आल्या मला नवीकोरी कापशी चप्पल दिली. सलिमानं मात्र लगेच सांगितलं, जिन्याचा कठडा हलतोय. करू की, म्हटलं.

११ जानेवारी
सलिमानं पुन्हा कठड्याची आठवण केली. वेल्डरला सांगितलंय, असं ठोकून दिलं. उद्या खरंच सांगतो.

१४ जानेवारी
सकाळी कठडा निखळला. अझीम चामड्याच्या गठ्ठ्यासकट खाली फरशीवर. डोकं फुटलं, नडगीचं हाड कातडीबाहेर. सलिमा बाजारात गेलेली. रिक्षा येईपर्यंत तो संपला होता, सलिमालाही तसंच सांगितलं.
माझा मेहुणा गुंडू कागदपत्रांत मुरलेला. घर घेतानाच म्हणालेला, "दाजी, भाडेकरू पडला तर आधी अंगठा, मग बाकीचं." कागदही त्यानंच करून दिलेला: 'माझ्या चुकीने पडलो, मालक जबाबदार नाही.' त्यावर अंगठा घेतला. मेलेल्याचं काय जातं?

१६ जानेवारी
सलिमा इद्दतीत आहे, नवरा गेल्यावरचे चार महिने घर सोडत नाही. जिन्यावरूनच तिनं विचारलं, "मालक, मय्यतीला आंघोळ घालताना ह्यांच्या अंगठ्याची शाई निघालीच न्हाय. कुठनं लागली वो?" ठाऊक नाही म्हणालो.
आत आलो तर माझ्या नडगीवर निळा ठसा. साबणानं घासला. घासताना हाड कडकन मोडलं आणि कातडी फाडून बाहेर आलं.

२१ जानेवारी
पायात सळई घालून घरी. गुंडूला सगळं सांगितलं. तो हसला, कागद खिशात घातला. त्याच्या कपाळावर ठसा उमटला. फिकट, मग गडद. कुणीतरी दाबतंय तसा. कवटी अंड्यासारखी आत गेली. भिंतीवर रक्त आणि केस. पोलिसांना सांगितलं, पडला.

२२ जानेवारी, दुपार
छातीवर दोन ठसे. दोन बरगड्या गेल्या. रक्ताच्या गुळण्या — सलिमा पायरीवर बसून एकच विचारते, खरं काय झालं. फार भीती वाटते. सांगितलं तर थांबेल?

गळ्यावर आता. ओला. आवाज फुटत नाही — लिहितो. सलिमा, रिक्षाचं खोटं. अझीम जिवंत होता. पाणी मागत होता. मी आधी शाईचं पॅड शोधलं. अर्धा तास. अंगठा दाबला तेव्हा तो बघत होता, त्यानं माझा हात घट्ट धर—