शिकलेली माशी

रवि. ५ जानेवारी

अण्णा पुन्हा पैकीच्या पैकी! पाचही शब्द, ओळीने — पेरू, कंदील, तळं, सुई, कावळा. मधे पेपर वाचला, चहा प्यायले, आणि मग धडाधड म्हणून दाखवले. एक्क्याऐंशीव्या वर्षी!

वृद्धांसाठी मराठीत स्मरणचाचणी तयार करतेय, तिचं पहिलं गिऱ्हाईक माझेच वडील. दिवाळीपासून दर रविवारी ठाण्याहून कोपरला येते, चहाबरोबर त्यांची परीक्षा घेते. "बक्षीस काय?" म्हणाले. दोन नानकटाया दिल्या. डायबेटिस गेला खड्ड्यात.

बुध. ८ जानेवारी

पुण्याहून सलिलचा फोन. धाकटा भाऊ माझा, काळजी करतो ती फोनवरूनच. "ताई, अण्णांनी मला एका फोनमध्ये तीनदा विचारलं, जेवलास का. त्यांना एकटं ठेवणं बरं नाही गं. डॉक्टरला दाखव तरी."

मी उसळलेच. "म्हातारा मेंदू हाच माझा विषय आहे. घरचं मला दिसणार नाही?"

बापाने लेकाला जेवलास का विचारलं, तर तो काय आजार झाला? आणि अण्णा ते घर सोडायचे नाहीत. आईच्या हाताची तुळस आहे तिथे.

मंगळ. १४ जानेवारी

संक्रांत. कामावरून थेट कोपरला. अण्णांनी तिळगूळ दिला. "घ्या, गोड बोला." मला अहो-जाहो! म्हटलं, लेक शास्त्रज्ञ झाली म्हणून मान देताय वाटतं? हसले. थोड्या वेळाने पुन्हा लाडू दिला. मग पुन्हा.

तिसरा लाडू गुपचूप पर्समध्ये टाकला. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. पण चाचणी? चाचणीत तर एक चूक नाही!

रवि. १९ जानेवारी

पाचपैकी पाच. हुश्श! सलिलला लगेच कळवलं. त्याने नुसता अंगठा पाठवला.

गुरु. २३ जानेवारी

वल्लरीला झापलं. माझी पीएचडीची विद्यार्थिनी, गुणी पोर. आम्ही फळमाश्यांना एक वास टाळायला शिकवतो आणि म्हाताऱ्या माश्यांच्या तो धडा किती लक्षात राहतो ते बघतो. हिच्या म्हाताऱ्या माश्या तरण्यांपेक्षा हुशार! खोदून विचारलं, तर दर वेळी त्याच माश्या आणि तोच वास.

"अगं, रोज तोच धडा गिरवून घेतलास तर पाठ होणारच ना! नवं काही शिकतात का, ते कधी बघितलंस? शिकलेली माशी पुन्हा घ्यायची नाही, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "सॉरी मॅडम. रिझल्ट इतके छान येत होते ना, मग मी चेकच नाही केलं."

संध्याकाळी रिक्षात बसले आणि डोक्यात लख्ख झालं. तेच पाच शब्द. दर रविवारी. दिवाळीपासून!

मी काय मोजत होते? दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

शुक्र. २४ जानेवारी

नवे पाच शब्द काढून ठेवलेत. परवा विचारायचे. विचारूच नये असं वाटतंय.

रवि. २६ जानेवारी

शिडी, बोर, पाटा, घुबड, वारा. चहा झाला. पेपर झाला. "अण्णा, सांगा बघू."

एकही नाही.

फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखे माझ्याकडे बघत राहिले. मग घाईघाईने, एका दमात — "पेरू, कंदील, तळं, सुई, कावळा!" आणि हळूच, "चुकलं का?"

"नाही अण्णा, बरोबर आहे." नानकटाई दिली.

सलिलला फोन केला. तू म्हणालास ते खरं, म्हटलं. तो "बघ, सांगत होतो" म्हणाला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ताई, तू रडू नकोस. मी येतो."

मंगळ. ४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून अण्णांना विचारलं, "या कोण?"

अण्णांनी चष्मा पुसून माझ्याकडे बघितलं. मग ओळखीचं हसले. "या होय! या रविवारी परीक्षा घ्यायला येतात. चांगल्या आहेत हो बाई. नानकटाई देतात."